तरंगंबाडीचा किल्ला

समुद्रकाठचा किल्ला म्हटला की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. भर समुद्रात काळा कातळ, त्यावर दगडी तटबंदी, पायथ्याशी आदळून फुटणाऱ्या लाटा, आणि होडीतून जाताना नावाड्याच्या तोंडून ऐकलेल्या मोहिमांच्या कथा. सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग यांनी आपली नजर तशी घडविली आहे. आज ज्या किल्ल्याकडे मी आपणांस घेऊन जाणार आहे, तो या चित्रात कोठेच बसत नाही. तो पूर्व किनाऱ्यावर आहे, वाळूवर उभा आहे, विटांचा आहे, आणि तो बांधला डेन्मार्कच्या लोकांनी. त्याच्या तटावरून कोणत्याही मोठ्या युद्धाचा निकाल लागला नाही. तरीसुद्धा मराठी वाचकाने तो एकदा अवश्य पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचे कारण किल्ल्यातून फिरता फिरता आपल्या ध्यानी येईल.

गावाचे नाव तरंगंबाडी. तमिळनाडूच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात, कावेरी ज्या पूंपुहारपाशी सागराला मिळते त्याच्या थोडे दक्षिणेस हे गाव आहे. चेन्नईहून रेल्वेने मयिलाडुतुरैस उतरावे. जुनी माणसे या स्थानकाला अजूनही मायावरम् म्हणतात. तेथून सुमारे तीस किलोमीटर मोटारीचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंस भातखाचरे, मधूनमधून नारळी आणि केळी, आणि दर थोड्या अंतरावर कावेरीचा एखादा फाटा. वाटेत तिरुक्कडैयूरचे प्रसिद्ध शिवमंदिर लागते. साठी आणि सहस्रचंद्रदर्शन साजरे करण्यासाठी साऱ्या दक्षिणेतून वृद्ध दांपत्ये येथे येतात. नव्या वस्त्रांत, गळ्यांत हार घालून, मुलानातवंडांच्या गराड्यात बसलेली अशी चार-पाच जोडपी एकाच वेळी दृष्टीस पडली, म्हणजे प्रवासाचा शीण कोठच्या कोठे जातो.

मी मात्र आलो होतो तंजावरहून. माझी आत्या चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तंजावरच्या एका जुन्या मराठी घराण्यात गेली. त्या घरात आज दहा-अकरा पिढ्या मराठी बोलली जाते. तिचीच इच्छा होती की, मी एकदा तरंगंबाडी पाहावी. बरोबर ती स्वतः आणि तिची दहा वर्षांची नात, असे आम्ही तिघे जानेवारीतल्या एका पहाटे निघालो.

‘तरंग’ हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. तरंगंबाडी म्हणजे गाणाऱ्या लाटांचे गाव, असा त्याचा अर्थ तेथले लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. डेन्मार्कच्या खलाशांच्या जिभेला हे नाव वळले नाही. त्यांनी त्याचे ‘ट्रांकेबार’ केले, आणि युरोपच्या नकाशांवर पुढे दोन-सव्वादोनशे वर्षे तेच नाव राहिले.

गावात शिरताना प्रथम एक पांढरी वेस लागते. १७९२ मध्ये बांधलेल्या या वेशीच्या माथ्यावर डेन्मार्कच्या राजाचे चिन्ह आजही दिसते. वेशीतून आत गेले की सरळ समुद्राकडे जाणारा रस्ता, त्याचे नाव ‘राजरस्ता’. दोन्ही अंगांना खांबांच्या ओसऱ्यांची जुनी घरे आहेत, १७०१ चे सायन चर्च आहे, आणि १७१८ मध्ये पुरे झालेले न्यू जेरुसलेम चर्च आहे. मध्येच सायकलींवरून जाणाऱ्या शाळकरी मुलींचा थवा किलबिलत जातो आणि रस्ता पुन्हा शांत होतो. रस्ता संपतो तेथे एक विस्तीर्ण मैदान लागते. मैदानाच्या पलीकडे फिकट पिवळसर रंगाचा, ठेंगणा, पसरट असा एक कोट उभा असतो, आणि त्याच्याही पलीकडे थेट क्षितिजापर्यंत बंगालचा उपसागर. हाच तो डान्सबोर्ग, म्हणजे डेनांचा कोट.

आपण मनाशी म्हणाल, एवढासाच किल्ला! मलाही तसेच वाटले. समुद्राकडची त्याची मुख्य इमारत सुमारे साठ मीटर लांब आहे. सिंधुदुर्गाची तटबंदी चालून आलेल्या माणसाला हे म्हणजे एखाद्या मोठ्या वाड्यासारखे वाटावे. परंतु किल्ल्याची उंची तटावरून मोजावी तशी त्याच्यामागच्या माणसांच्या खटपटीवरूनही मोजावी लागते. त्या मापाने हा कोट लहान नाही.

डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याने १६१६ मध्ये पूर्वेकडील व्यापारासाठी एक कंपनी स्थापन केली. इंग्रज आणि डच मिरी व मसाले नेऊन गबर होत होते. आपण मागे का राहावे, एवढाच त्यातला हेतू. १६१८ मध्ये ओवे येड्डे नावाचा, पंचविशीही न गाठलेला सेनानी जहाजांचा काफिला घेऊन निघाला. त्याला जावयाचे होते सिंहलद्वीपास. वाटेत त्याची अर्ध्याहून अधिक माणसे दगावली, आणि एवढे करून कँडीच्या राजाशी व्हावयाचा करार फिसकटला. इकडे त्याच्या पुढे धाडलेले एक जहाज कारैक्कालजवळ पोर्तुगीजांच्या तडाख्यात सापडून नष्ट झाले. त्यातून जीव वाचवून किनाऱ्याला लागलेला रोलांट क्रापे हा व्यापारी, हाताशी उरलेल्या थोड्या सोबत्यांसह, तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या दरबारी जाऊन पोहोचला.

रघुनाथ नायक हा स्वतः कवी आणि संगीताचा जाणता. राजकारणातही तो कच्चा नव्हता. नागपट्टणच्या पोर्तुगीजांवर सर्वस्वी विसंबून राहावे लागू नये, म्हणून दुसरा एखादा दर्यावर्दी गिऱ्हाईक त्याला हवाच होता. अशा रीतीने एका फुटलेल्या जहाजाच्या निमित्ताने नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. वर्षाला ३,१११ रुपये खंड द्यावा आणि तरंगंबाडीस कोट बांधून व्यापार करावा, असे ठरले. त्या प्रसंगी नायकाने डेन्मार्कच्या राजास तमिळ भाषेत पत्र लिहिले, ते सोन्याच्या पातळ पत्र्यावर. ते सुवर्णपत्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपून ठेवलेले आहे. किल्ल्याच्या दाराशी उभे राहून हे आठवावे. हा कोट कोणी चढाई करून घेतलेल्या जागेवर उभा नाही. तो भाड्याच्या जागेवर उभा आहे, आणि जागेचा मालक तंजावरास होता.

आता आत चला. मधोमध मोकळे अंगण आहे. अंगणाच्या कडेने पूर्वी शिपायांच्या खोल्या, कोठारे आणि भटारखाना होता. समुद्राच्या बाजूची इमारत दुमजली आहे. खालच्या मजल्यावर जाड भिंतींच्या, कमानदार छतांच्या, थंडगार आणि अंधाऱ्या खोल्या आहेत. येथे माल भरत, दारूगोळा ठेवीत आणि कैदीही ठेवीत. वरच्या मजल्यावर अधिकाऱ्याची आणि धर्मोपदेशकाची राहण्याची जागा होती. तेथील दालनांची छते उंटाच्या पाठीसारखी उंचावलेली आहेत. सारे बांधकाम भाजलेल्या विटांचे आणि चुन्याचे. खिडकीपाशी उभे राहिले की खारा वारा अंगावर येतो आणि लाटांचा आवाज या छतांखाली घुमत राहतो.

या दालनांतून आता तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. चिनी मातीची भांडी, तोफांचे गोळे, तलवारी आणि भाले, जुने नकाशे, डॅनिश कागदपत्रे, देवळांतील मूर्ती, असे संमिश्र सामान मांडलेले आहे. व्यापाराच्या या वैभवाला एक काळी बाजूही आहे, ती दृष्टीआड करू नये. सतराव्या शतकात या बंदरातून मिरी आणि कापड यांच्याबरोबर गुलाम म्हणून माणसेही नेली जात. खालच्या अंधाऱ्या खोल्यांतून हिंडताना ही आठवण मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

वरच्या मजल्यावर एका खिडकीशी आम्ही बसलो, आणि मी आत्याला एस्किल कोंग्सबाके याची हकीकत सांगू लागलो. करारानंतर वीस-पंचवीस वर्षांतच डेन्मार्क युरोपातील युद्धांत गुंतले आणि तिकडे कंपनी बुडाली. १६४३ नंतर मायदेशाहून जहाज येणेच थांबले. येथली माणसे तापाने आणि म्हातारपणाने एकेक करून मेली, काही निघून गेली. खंड थकला, तेव्हा नायकाची फौज वेढा घालून बसू लागली. १६५५ पासून मूठभर लोकांचे पुढारीपण कोंग्सबाके या सामान्य घरच्या माणसाकडे आले. त्याने उपसागरात जहाजे पकडून पैसा उभा केला, गावाभोवती तट घातला, नायकाशी समेट केला, आणि कोटावरचे निशाण उतरू दिले नाही. अखेर १६६९ मध्ये ‘फेरो’ नावाचे जहाज डेन्मार्कहून आले. पाव शतकाहून अधिक काळ घरची हाक ऐकू आली नव्हती, तरी हा माणूस आपण कोणाचे हे विसरला नव्हता.

त्याने जहाजे लुटली ती लुटलीच. त्याचा गौरव करावा असे मला म्हणावयाचे नाही. परंतु हकीकत ऐकून आत्या बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “आमच्या घरच्यांचंही असंच झालं की रे. जहाज काही आलं नाही. आम्ही मात्र मराठी बोलत राहिलो.”

तिच्या बोलण्याचा अर्थ उलगडण्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्याबरोबर या कोटाची मालकीही बदलली. ज्या खंडाच्या थैल्या पूर्वी नायकांच्या खजिन्यात जात, त्या आता मराठी राजांच्या खजिन्यात जाऊ लागल्या. राज्याबरोबर कारकून आले, शिलेदार आले, कीर्तनकार आले आणि स्वयंपाकीही आले. पुढे राज्य गेले, पण माणसे राहिली. त्यांची मुले तमिळ शाळेत शिकली. घरात मराठी राहिली, परंतु लिहिणे तमिळ अक्षरांत होऊ लागले. माझ्या आत्याच्या सासरी मराठी पत्रे तमिळ लिपीत लिहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. तिची नात माझ्याशी घडाघडा मराठी बोलते, पण मी भेट म्हणून नेलेले मराठी गोष्टींचे पुस्तक तिला वाचता येईना. आत्याच्या मनाला हीच गोष्ट लागून राहिली होती. आम्हांला ती तरंगंबाडीस घेऊन आली ती अक्षरांसाठीच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

कारण या कोटाची खरी कथा अक्षरांची आहे.

९ जुलै १७०६ रोजी बार्तोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूट्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक डेन्मार्कच्या राजाच्या आज्ञेने येथे उतरले. झीगेनबाल्ग तेव्हा ऐन चोविशीत होता. त्याला तमिळ येत नव्हते, आणि शिकविणारी पुस्तकेही नव्हती. तेव्हा त्याने काय करावे? गावच्या पंतोजींना पाठशाळेसह आपल्या घरी बसविले, आणि लहान मुलांच्या पंक्तीत बसून, त्यांच्याप्रमाणेच वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. आपल्याकडे धुळाक्षरे म्हणतात तीच ही पद्धत. थोड्याच वर्षांत तो तमिळ ग्रंथ वाचू लागला, ताडपत्रांच्या पोथ्या जमवू लागला, आणि येथील लोकांच्या चालीरीती व दैवते यांविषयी लिहू लागला.

कोटाच्या अधिकाऱ्यास हे रुचले नाही. या नव्या माणसांमुळे व्यापाराला धोका पोहोचेल, अशी त्याला धास्ती होती. एका विधवेच्या तंट्यात झीगेनबाल्गने तिची बाजू घेतली, तेव्हा ठिणगी पडली. १७०८ च्या अखेरीस त्याला याच कोटात कैद करण्यात आले, आणि सुमारे चार महिने तो येथे कोंडलेला होता. ज्या राजाने त्याला धाडले, त्याच राजाच्या किल्ल्यात! आपण खालच्या खोल्यांतून हिंडाल तेव्हा क्षणभर थांबून हे स्मरावे.

सुटकेनंतर त्याने छपाईचे काम हाती घेतले. लंडनच्या एका धर्मसंस्थेने मुद्रणयंत्र धाडले, ते १७१२ मध्ये येऊन पोहोचले. जर्मनीतील हाले येथे तमिळ खिळे पाडण्यात आले. परंतु ते इतके मोठे होते की, त्यांनी पुस्तक छापावयाचे तर कागदाचा डोंगर लागला असता. तेव्हा जवळच्या पोरैयार येथे ओतशाळा घालून लहान खिळे पाडण्यात आले. त्यासाठी शिसे कोठून आणावे? विलायतेहून आलेल्या चीजच्या डब्यांवरील शिशाची आवरणे वितळविली, असे मुद्रणाच्या इतिहासात सांगतात. पुढे कागदाची गिरणीही तेथेच घालण्यात आली. १७१५ मध्ये बायबलातील नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून पुरे झाले. तमिळ मजकूर छापण्याचा प्रयत्न याआधी झाला नव्हता असे नाही. १५७८ मध्येच कोल्लम येथे पोर्तुगीजांच्या पुढाकाराने एक तमिळ पुस्तक निघाले होते. परंतु तो धागा तुटला होता. तरंगंबाडीच्या छापखान्याने तमिळ मुद्रणाचे काम पुन्हा चालू केले. झीगेनबाल्ग १७१९ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, येथेच वारला. राजरस्त्यावरील न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याचे दफन झाले आहे. त्याच्या राहत्या घरी आता लहानसे संग्रहालय आहे, तेही चुकवू नये.

आता या तमिळ अक्षरांचा आपल्या मराठीशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे.

१७५० मध्ये ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा धर्मोपदेशक याच तरंगंबाडीस उतरला. पुढे तो तंजावरास गेला, आणि तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या बालराजाचा पाठीराखा झाला. हा बालराजा म्हणजेच सरफोजी महाराज. गादीचा वाद चालला असता श्वार्ट्झने त्यांच्या रक्षणाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही, आणि आपल्या गुरूचा विसरही पडू दिला नाही. श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी त्याच्या स्मरणार्थ इंग्लंडातील विख्यात शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून आणले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. १७९८ मध्ये गादीवर बसलेल्या या विद्याव्यासंगी राजाने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, आणि देवनागरी छापखाना काढला. त्या छापखान्यातून, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक बाहेर पडले. पुण्यामुंबईस मराठी छापखाना माहीत होण्यापूर्वी कावेरीकाठची मराठी मुले छापील मराठी गोष्टी वाचू शकत होती!

दुसरा धागा बंगालमधला आहे. कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर हेही डेन्मार्कचेच ठाणे होते. इंग्रजांच्या कंपनीने आपल्या मुलखात धर्मोपदेशकांना थारा देण्याचे नाकारले, तेव्हा १८०० मध्ये विल्यम केरी याने श्रीरामपुरात डेन्मार्कच्या निशाणाखाली आसरा घेतला. तेथील छापखान्यात, पंडित वैजनाथ यांच्या साह्याने, त्याने मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले आणि १८०५ मध्ये छापले. मराठी अक्षरे धातूच्या खिळ्यांत उतरली, त्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. मिऱ्याच्या लोभाने आलेल्या एका लहानशा राष्ट्राच्या दोन ठाण्यांनी अशा रीतीने दोन भारतीय भाषांच्या मुद्रणाला आश्रय दिला. व्यापाराचा हिशेब केव्हाच मिटला. हे देणे मात्र उरले.

व्यापार मिटला कसा, तेही थोडक्यात सांगतो. १८०८ ते १८१५ या काळात इंग्रजांनी हे ठाणे ताब्यात घेतले होते. ते परत मिळाले, पण गेलेला व्यापार परत आला नाही. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकून टाकली. लढाई नाही, वेढा नाही, खरेदीखत झाले. त्यानंतर दहाच वर्षांनी तंजावरचे मराठी राज्यही इंग्रजांनी खालसा केले. भाडेकरू गेला आणि पाठोपाठ मालकही गेला. १८६१ मध्ये नागपट्टणास आगगाडी आली, आणि तरंगंबाडीच्या धक्क्यावर उतरणारे उरलेसुरले गलबतही तिकडे वळले.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर किनाऱ्याने उत्तरेकडे थोडे चालावे. पाण्याच्या अगदी काठाशी मासिलामणिनाथाचे देऊळ आहे. पांड्य राजा मारवर्मन् कुलशेखर याच्या काळातले, चौदाव्या शतकाच्या आरंभीचे हे शिवमंदिर डेन लोक येण्यापूर्वी तीनशे वर्षे येथे उभे होते. त्याचा बराचसा भाग समुद्राने गिळला आहे. जुन्या गाभाऱ्यापाशी उभे राहिले की तुषार अंगावर येतात, आणि आता येथे दगडांचा बांध घातला नसता तर काय झाले असते, याची कल्पना येते. समुद्राने या गावाला तरंगांचे नाव दिले आणि त्याची किंमतही वसूल केली.

त्यातली सर्वांत कठोर वसुली २६ डिसेंबर २००४ रोजी झाली. त्या सकाळी आलेल्या सुनामीने हा सारा किनारा धुऊन नेला. तमिळनाडूतील सर्वाधिक माणसे तेव्हाच्या नागपट्टणम् जिल्ह्यात दगावली, आणि तरंगंबाडी त्यातच होती. कोट उभा राहिला. त्याच्या शेजारची कोळ्यांची घरे राहिली नाहीत. आज आपणांस मैदानात क्रिकेट खेळणारी जी तरुण मुले दिसतील, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी त्या दिवसाचा उल्लेख हलक्या आवाजात होतो. नंतरच्या वर्षांत गाव पुन्हा उभे राहिले. कोळी कुटुंबांना किनाऱ्यापासून आत नवी घरे मिळाली. जुन्या डॅनिश घरांची डागडुजी झाली. ती करताना गावातल्याच गवंड्यांनी चुन्याचे जुने काम पुन्हा हाती घेतले. कोटाची दुरुस्तीही या शतकाच्या आरंभी डेन्मार्कमधील हितचिंतकांच्या साह्याने झाली आहे. चारशे वर्षांपूर्वीचा भाडेकरू या रूपाने परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघे कोटाच्या मागे वाळूत बसलो होतो. होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. बायका जाळ्यांतून मासे सोडवीत होत्या. झीगेनबाल्गने वाळूत अक्षरे गिरविल्याची गोष्ट मुलीला फार आवडली होती. तिने ओल्या वाळूत आपले नाव तमिळमध्ये काढले आणि मला विचारले, “काका, मराठीत कसं?” मी तिचे बोट धरून एकेक अक्षर काढून दाखविले. तिने ते तीनदा काढले. तिसऱ्यांदा वेलांटी उलटी पडली, ती आत्याने दुरुस्त केली. लाट आली आणि तिन्ही नावे पुसली गेली. मुलगी हसून थोडी मागे सरकली आणि कोरड्या वाळूत पुन्हा लिहू लागली. आत्या काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर मात्र तिने माझ्याकडून वचन घेतले की, पुण्यास पोहोचताच मी अंकलिपी पाठवीन. ती मी पाठविली आहे.

वाचकहो, आपण तंजावरचे बृहदीश्वर पाहावयास जाल तेव्हा एक दिवस हाताशी राखून ठेवा आणि तरंगंबाडीस जाऊन या. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तेथले पावसाचे दिवस, ते टाळावे. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखाची असते. शक्य झाल्यास रात्री गावातच राहावे, आणि पहाटे कोटाच्या पूर्वेस वाळूवर उभे राहून सूर्योदय पाहावा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना तो समुद्रातून वर येताना पाहणे हाच एक अनुभव आहे. बरोबर मुले असल्यास त्यांना तोफा अवश्य दाखवा. परंतु परतताना त्यांना एवढे सांगावयास विसरू नका, की या किल्ल्याने राखली ती अक्षरे. आणि अक्षरे राखण्याचे काम किल्ला पडल्यावरही चालू ठेवावे लागते, ते आपापल्या घरी.